अजिंठ्याच्या जळालेल्या प्रती

लंडनच्या दक्षिणेस सिडनहॅम येथे ‘क्रिस्टल पॅलेस’ नावाचा काचेचा एक प्रचंड प्रासाद होता. १८६६ सालच्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस त्याच्या एका भागास आग लागली. त्या आगीत आपल्या मराठवाड्याचे काय जळाले, याची वार्ता अजिंठा गावी पोहोचावयास काही काळ जावा लागला असेल. मद्रासच्या लष्करातील रॉबर्ट गिल हा अधिकारी १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या आज्ञेवरून येथे आला होता. वाघूर नदीच्या वळणावरील लेण्यांमधील भित्तिचित्रांच्या तैलरंगात हुबेहूब प्रती करावयाच्या, हे त्याचे काम. ताप, सर्प, अंधार आणि वटवाघळे यांच्या संगतीत त्याने जवळजवळ वीस वर्षे ते केले आणि पूर्ण झालेली एकेक चित्रे विलायतेस रवाना केली. क्रिस्टल पॅलेसमध्ये त्यांपैकी सत्तावीस मांडलेली होती. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वाचली, बाकीची राख झाली. एका इंग्रजी पुस्तकात १८५६ साली काही रेखाचित्रे छापली गेली होती, म्हणून नष्ट झालेल्यांचा थोडाबहुत माग तरी लागतो.

या अनुभवाने शहाणे होऊन पुन्हा तेच काम मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे सोपविण्यात आले. १८७२ पासून तेरा वर्षे ते आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्यास खपले. सुमारे तीनशे चित्रे तयार झाली. तीही लंडनलाच गेली. शहाणपण कोठवर आले होते पाहा: १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाच्या कोठारास आग लागली आणि त्यांतील शंभराहून अधिक नाहीशी झाली. दोन्ही संचांतील मिळून १६६ चित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. पुढे अराई कॅम्पो या जपानी चित्रकाराने १९१६ ते १९१८ या काळात जपानी कागदावर या चित्रांचे माग उतरवून घेतले. ते टोकियोच्या विद्यापीठात ठेवले होते. १९२३ च्या भूकंपात तेही गेले.

तीनदा प्रती काढल्या, तीनदा गमावल्या. आणि ज्या मूळ चित्रांच्या चिंतेने हा सारा खटाटोप झाला, ती जीर्ण अवस्थेत का होईना, वाघूरच्या काठी अजून उभी आहेत.

आपल्या शाळा, कचेऱ्या, पतपेढ्या आणि ग्रामपंचायती यांचे दप्तर गेल्या पंधरा-वीस वर्षांत कागदावरून संगणकात गेले. त्या दप्तराच्या रक्षणाचा विचार करू लागलो की प्रस्तुत लेखकास नेहमी ही अजिंठ्याच्या प्रतींची कहाणी आठवते. गिल किंवा ग्रिफिथ्स यांनी कामात कसूर केली नव्हती. प्रती उत्तमच होत्या. परंतु त्या सगळ्या एका छपराखाली होत्या, आणि ते छप्पर जळू शकते हा विचार कोणाच्या कामाच्या यादीत नव्हता.

संगणकाची आणि त्याच्या जाळ्याची राखण करणाऱ्यास मोठ्या कंपन्यांत भारदस्त हुद्दा असतो, वेतनही तसेच असते. आपल्याकडे तो बहुधा गणिताचा शिक्षक असतो. ‘तुम्हाला त्यातले कळते’ या एका वाक्याने त्याची नेमणूक होते. लेखी आदेश नाही, तासिकांत सवलत नाही, भत्ता तर नाहीच. ग्रामपंचायतीत हेच काम तुटपुंज्या मानधनावरील संगणक परिचालक करतो. तालुक्याच्या कचेरीत एखादा तरुण लिपिक. पुढील मजकूर प्रामुख्याने अशांसाठी आहे.

खंडणीखोर आज्ञावली, म्हणजे ज्यास सर्वत्र ‘रॅन्समवेअर’ म्हणतात, तिचे काम सरळ आहे. टपालाने आलेल्या एखाद्या फसव्या जोडपत्रातून किंवा उघड्या राहिलेल्या वाटेने ती आत शिरते, सापडेल ती फाइल कुलूपबंद करते आणि किल्लीसाठी पैसे मागते. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या यंत्रणेवर असा हल्ला झाला. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयात झाला आणि देशातील त्या अग्रगण्य रुग्णालयास सुमारे दोन आठवडे केसपेपर हाताने लिहावे लागले. मोठ्या संस्थांची नावे वर्तमानपत्रांत येतात. लहानांची येत नाहीत.

लहानांपैकी एक शाळा प्रस्तुत लेखकाने पाहिली आहे. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मुख्याध्यापकांच्या दालनातील संगणक एका सोमवारी सुरू केला, तो पडद्यावर धमकीचा मजकूर. दहा वर्षांचे निकाल, दाखल्यांची नोंद, भविष्यनिर्वाह निधीचे तक्ते, सर्व कुलूपबंद. ‘बॅकअप आहे की’, असे लिपिकबाई धीराने म्हणाल्या, आणि तो होताही. निराळ्या हार्ड डिस्कवर दर शनिवारी नेमाने काढलेला. दुर्दैव इतकेच की ती डिस्क त्याच संगणकाला कायमची जोडून ठेवलेली होती. आज्ञावलीने मूळ दप्तराबरोबर तिलाही कुलूप ठोकले. क्रिस्टल पॅलेसच जणू. अखेर उपयोगी पडले ते लोखंडी कपाटातील कापडी पुठ्ठ्याचे जनरल रजिस्टर आणि गुणपत्रकांचे गठ्ठे. दोन लिपिकांनी उन्हाळ्याची सुट्टी त्यांवरून पुन्हा नोंदी करण्यात घालविली.

या विषयात जाणकारांनी एक साधा नियम रूढ केला आहे: दप्तराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक तरी निराळ्या जागी असावी. खंडणीखोरांच्या काळात त्यास आणखी एक पुस्ती जोडली गेली आहे. एक प्रत अशी हवी, की जी कोणत्याही तारेने, कोणत्याही जाळ्याला जोडलेली नाही.

ही पुस्ती किती मोलाची आहे, याचे जगातील सर्वांत नामांकित उदाहरण आपल्या न्हावा-शेवा बंदराशी निगडित आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या विध्वंसक आज्ञावलीने युक्रेनमधून जगभर धुमाकूळ घातला. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक धडाधड बंद पडले. त्या उद्योगसमूहाकडे असलेले जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनलही ठप्प झाले आणि तेथील माणसांना हाताने नोंदी ठेवून कंटेनर हलवावे लागले. मर्स्कच्या जाळ्यात कोणास कोठे प्रवेश आहे, याची नोंदवही असणारे सुमारे दीडशे सर्व्हर देशोदेशी होते आणि ते एकमेकांची नक्कल करीत. एक बिघडला तर दुसरा आहेच, असा हिशेब होता. परंतु सर्व एकमेकांस जोडलेले असल्याने सर्व एकदमच पुसले गेले. वाचला तो एकच, आफ्रिकेतील घाना देशात. का? तर हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती. भारनियमनात वाढलेल्या मराठवाड्यातील वाचकास यात विशेष आनंद वाटावा. त्या एका सर्व्हरच्या आधाराने कंपनीने दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक पुन्हा उभे केले, असे तिच्या अध्यक्षांनीच पुढे सांगितले. मात्र वीज जाण्याच्या योगावर दप्तर सोडता येत नाही. डिस्क काढून कपाटात ठेवण्यास दोन मिनिटे लागतात.

दारे आणि पहारेकरी

अजिंठ्यास गेलेल्यांना फर्दापूरजवळचा फाटा आठवत असेल. खासगी वाहन तेथेच थांबवावे लागते. पुढचे चारेक किलोमीटर ठरलेल्या बसने जावयाचे, तिकीट दाखवावयाचे, आणि चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच माणसांनी शिरावयाचे. प्रथम हा जाच वाटतो. धूर, घाम आणि श्वासातील बाष्प यांनी चित्रांचे काय होते हे समजले, की वाटत नाही. संगणकाच्या जाळ्यातही असा फाटा असावा लागतो. बाहेरून येणारे सर्व काही थेट दप्तराच्या दालनात येऊ द्यावयाचे नाही. शाळेची वाय-फाय मुलांच्या भ्रमणध्वनींसाठी असेल, तर पगारपत्रकाचा संगणक तिच्यावर असता कामा नये. दुरून संगणक चालविण्याची सोय विक्रेत्याने दुरुस्तीसाठी उघडली असेल, तर काम संपताच ती बंद झाली की नाही, हे पाहिले पाहिजे.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. १९०६ साली स्थापन झालेली ही सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी काही तासांत अठ्ठावीस देशांतील एटीएम यंत्रांतून तिच्या बनावट कार्डांवर सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, देशातून अडीच कोटी. आणि १३ तारखेला स्विफ्ट प्रणालीमार्फत हाँगकाँगला आणखी सुमारे १४ कोटी पाठविण्यात आले. एकूण ९४ कोटींच्या वर. चोरांनी तिजोरी फोडली नाही. एटीएमकडून आलेली मागणी बँकेच्या मुख्य खतावणीशी ताडून पाहणारा जो मधला टप्पा असतो, त्याच्या जागी त्यांनी आपला बनावट टप्पा बसविला. मागणी आली की तोच परस्पर ‘मंजूर’ म्हणे; खतावणीला विचारणाच होईना. कार्यालयातला शिपाई फितूर होऊन साहेबांच्या सहीचा शिक्का स्वतःच मारू लागावा, तसे हे होते. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी अकरा जणांना दोषी ठरविले. ते बहुतांश पैसे काढणारी प्यादी होती. पडद्याआडचे सूत्रधार हाती लागले नाहीत. वार कोणता निवडला होता, हेही ध्यानात घ्यावे. शनिवार दुपार. आपल्या कचेऱ्यांतील संगणकांवर सुट्टीच्या दिवशी कोणाची नजर असते?

दार वेळीच लावल्याचे एक उदाहरणही सांगितले पाहिजे. ३१ जुलै २०२४ रोजी देशातील सुमारे तीनशे लहान बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज या कंपनीत खंडणीखोर आज्ञावली शिरल्याचे आढळले. राष्ट्रीय देयक महामंडळाने त्या कंपनीचे जाळे तत्काळ स्वतःपासून तोडले. त्या बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार काही काळ अडले, तक्रारी झाल्या. परंतु लागण पुढे गेली नाही. लहान कार्यालयातील माणसालाही हा अधिकार हवा. संशय आला की तार उपटण्यासाठी त्याला साहेबांची परवानगी शोधत बसावे लागू नये.

आता किल्ल्यांविषयी. यवतमाळ जिल्ह्यातील शेंदुरसनी हे जेमतेम दीड हजार वस्तीचे गाव. २०२५ च्या अखेरीस असे उघडकीस आले, की तेथील ग्रामपंचायतीच्या नावे जन्म-मृत्यू नोंदणीच्या प्रणालीत काही महिन्यांत सत्तावीस हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्या आहेत. गावात पाळणे तेवढेच हलत होते. हलत होता तो दूरवरच्या कोणाच्या तरी हातातील ग्रामपंचायतीचा लॉग-इन. तपासात काय निष्पन्न व्हावयाचे ते होवो; पण आपल्यापैकी प्रत्येक कार्यालयाने स्वतःस एक प्रश्न विचारावा. आपला पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे? बदली होऊन गेलेल्या ग्रामसेवकास, जुन्या परिचालकास, ‘तेवढे भरून देतो’ म्हणणाऱ्या सायबर कॅफेवाल्यास? शालेय माहितीच्या संकेतस्थळाचा पासवर्ड मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलेला ज्याने पाहिला नाही, असा शिक्षक विरळा. यात शिक्षकांचा दोष अर्धाच. एका कार्यालयास एकच लॉग-इन द्यावयाचा, काम मात्र चौघांनी करावयाचे, आणि गैरप्रकार झाल्यास ‘वापर तुमच्या नावे झाला’ म्हणून पाचव्यास निलंबित करावयाचे, ही रीत मुळातच चुकीची आहे. प्रत्येक माणसास त्याची स्वतंत्र ओळख, त्याच्या कामापुरतेच अधिकार, ओटीपीसारखी दुसरी खूण, आणि बदलीच्या आदेशाबरोबरच त्याचा लॉग-इन बंद: पदभार सोडताना कपाटाच्या किल्ल्यांची यादी आपण सही घेऊन देतोच, तिच्यात ही एक ओळ वाढवावयाची आहे.

कामापुरतेच अधिकार, हे चांगल्या माणसांच्या बाबतीतही पाळावे लागते. मुंबईच्या डॉक्टर बर्ड नावाच्या पुरातत्त्वप्रेमी गृहस्थांनी गेल्या शतकाच्याही आधी अजिंठ्याच्या भिंतीवरील काही आकृती संग्रहालयासाठी म्हणून सोलून काढल्या. हेतू निर्मळ होता. चित्रांचा भुगा झाला.

नोंदी आणि लेप

दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एका बोधिसत्त्वाच्या चित्रावर एका घुसखोराची नोंद आहे. शिकारीस आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यास ही लेणी दिसली आणि त्याने आपले नाव, आपले पथक आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख तेथे खरडली. ती अक्षरे आज माणसाच्या डोळ्यांच्या रेषेहून बरीच वर आहेत, कारण तेव्हा लेण्यात साचलेल्या मातीच्या ढिगावर तो उभा होता. कोण आला, केव्हा आला, आणि तेव्हा आतील स्थिती काय होती, इतके सर्व एका ओरखड्यातून कळते. आजचे घुसखोर इतके उदार नाहीत. त्यांच्या येण्याजाण्याची नोंद आपणच ठेवावी लागते. संगणक ती आपोआप ठेवू शकतो, तिला ‘लॉग’ म्हणतात. पण ती पुष्कळदा बंद असते, नाही तर आठवड्याभराने स्वतःवरच लिहू लागते, नाही तर कोणी वाचत नाही. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांत अशा नोंदी १८० दिवस जपण्याचे आणि हल्ल्याची वर्दी सहा तासांत देण्याचे बंधन घातले आहे. सहा तास! आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी त्या अवधीत ‘ही गोष्ट वर कळवावी काय’ याचा विचारही पुरा होत नाही. बदनामीची भीती हे त्याचे कारण. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर पहिल्या तासात केलेला दूरध्वनी पुढच्या दहा अर्जांपेक्षा मोलाचा असतो, हे या ठिकाणी नमूद करावेसे वाटते.

लेपांचीही एक कथा आहे. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात दोन इटालियन तज्ज्ञांना चित्रांच्या संवर्धनासाठी पाचारण केले. त्यांनी सुटणारे रंग भिंतीला पक्के केले, हे त्यांचे ऋण खरे. परंतु वर दिलेला लाखेचा लेप काळाने पिवळा पडून काळवंडला, आणि तो काढण्यात पुढच्या पिढ्यांचे श्रम गेले. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांनी चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून हलक्या प्रतीचे व्हार्निश फासले होते, ते निराळेच. संगणकावर वेळोवेळी येणाऱ्या सुधारणा, ज्यांना आपण ‘अपडेट’ म्हणतो, याच जातीच्या आहेत. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षेच्याच कंपनीने पाठविलेल्या एका सदोष सुधारणेने जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक निळे पडून बंद झाले आणि मुंबईच्या विमानतळावरही प्रवाशांचा खोळंबा झाला. म्हणून काय सुधारणाच घेऊ नयेत? नॉटपेट्याने ज्या छिद्राचा आधार घेतला, ते बुजविणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच, हल्ल्याच्या तीन महिने आधी, दिलेली होती. घ्याव्यात, परंतु प्रथम एका यंत्रावर, मग उरलेल्यांवर, आणि परतीची वाट मोकळी ठेवून. ज्या संगणकास सुधारणा येणेच बंद झाले आहे, तो जाळ्यातून काढून टंकलेखनास ठेवावा. ‘चालतो आहे की अजून’ हे उत्तर तेथे लागू नाही.

एवढे सारे करावयाचे तर खर्च येतो, आणि खर्चाचा प्रश्न निघाला की अजिंठ्याच्याच पायथ्याशी जावे. फर्दापूरजवळ २०१३ साली जपानच्या कर्जसाहाय्याने एक भव्य अभ्यागत केंद्र उभे राहिले. त्यात चार लेण्यांच्या पूर्णाकृती प्रतिकृती उभारण्यात आल्या, हेतू हा की मूळ लेण्यांवरील गर्दी हलकी व्हावी. प्रत काढली, ती वेगळ्या जागी ठेवली, सर्व काही नियमानुसार. नंतर वीज आणि पाणी यांची बिले थकली आणि केंद्रास टाळे लागले. उभारणीस मंजुरी मिळते, उद्घाटनास मंत्री मिळतात. दरमहाच्या बिलास शीर्ष मिळत नाही. शाळांना संगणक देणाऱ्या योजनांचे दुसरे काय होते? संगणक येतो, त्याचे छायाचित्र येते. दोन डिस्का, एक चांगला अँटिव्हायरस आणि ते सांभाळणाऱ्या माणसाचे आठवड्यातील दोन तास यांची तरतूद कोठेच नसते. ती शासनाने केली पाहिजे. तोवर ज्याच्या गळ्यात हे काम पडले आहे त्याने निदान ते लेखी आदेशाने मागून घ्यावे. लेखी जबाबदारीबरोबर थोडासा अधिकारही येतो.

उपर्युक्त शाळेत परवा पुन्हा जाण्याचा योग आला. आता तेथे दोन डिस्का आहेत. एक शाळेच्या कपाटात, दुसरी पाच कोसांवरील त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेत, आणि आतला मजकूर पासवर्डाने बंद. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या बदलल्या जातात, आणि त्याच वेळी लिपिकबाई आलेल्या डिस्कवरील कोणतीही एक फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहतात. श्रावणात एकदा ती उघडली नाही. डिस्क प्रवासात आदळली होती. त्याच दुपारी नवी आणली, प्रत पुन्हा काढली. आणि जनरल रजिस्टर अजून हातानेही लिहिले जाते, हे बाईंनी आपण होऊन सांगितले.